ट्रेलर, ग्रँड कॅन्यन आणि आमचा खंड्या

गाडी चालू असताना कुत्र्याला मागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या छोट्या घरात, कधीच ठेवू नका. आमचा खंड्या गाडीत मागच्या सीटवर, हार्नेस सीटबेल्टला अडकवून बसतो.

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन दरीला जाणार असाल तर साउथ रिम, म्हणजे दरीचा दक्षिण काठ निवडा. तिथे काठावरच्या पायवाटांवर कुत्रा नेता येतो, फक्त पट्टा ६ फुटांहून लांब नको. दरीत उतरायला मात्र त्याला बंदी आहे, म्हणून आम्ही पाळी लावतो: एक जण खाली, एक जण खंड्याजवळ.

खरी काळजी उन्हाची. बंद ट्रेलर बघता बघता भट्टीसारखा तापतो. एकदा ३० अँपिअरच्या वीजजोडणीवर एसी चालू असताना मी मायक्रोवेव्ह लावला आणि भार जास्त होऊन ब्रेकर ट्रिप झाला, एसी बंद पडला. मी आत होते म्हणून लगेच कळलं. खंड्या एकटाच असता तर? तेव्हापासून एसीच्या भरवशावर त्याला सोडून जात नाही.

फिरून आल्यावर ट्रेलरच्या पायरीवरच पंजे बघा. बोटांच्या बेचक्यात कुसळं रुततात. ओल्या फडक्याने पुसताना त्याने पाय मागे ओढला, की तिथेच टोचतंय समजा. साउथ रिम सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे, मे महिन्यातही रात्री गारठा असतो. आईने शिवलेली जुनी गोधडी आम्ही त्याच्यासाठीच नेतो.