तीच मोटर, तेच बेअरिंग पुन्हा का जातं? मूळ कारण शोधताना या चुका टाळा

बर्फ कारखान्यात ब्राइन (मिठाचं थंड पाणी) ढवळणारी मोटर एकाच हंगामात दुसऱ्यांदा जळली की वायंडर, म्हणजे मोटर पुन्हा गुंडाळणारा कारागीर, बदलायची चर्चा सुरू होते. बेअरिंग महिन्याभरात वाजायला लागलं की पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचं आणलं जातं. हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण या बंदरांवर बोटी बर्फासाठी खोळंबलेल्या असतात. काजू कारखान्यात बोरमा (काजूगर वाळवायची भट्टी) थांबला की माल अडकतो. त्यामुळे यंत्र आधी चालू करायची घाई समजू शकते. पण बिघडलेला भाग हाच सगळ्यात मोठा पुरावा असतो आणि या घाईत नेमका तोच भंगारात जातो. कारण जागेवर राहतं, म्हणून बिघाड परत येतो.

पुरावा पुसून टाकणे

मोटर उघडल्यावर जुनी वायंडिंग (तांब्याच्या तारेची गुंडाळी) कापण्याआधी दोन्ही टोकांचे फोटो काढून घ्या. सगळ्या कॉइल सारख्याच काळ्या पडल्या असतील तर जास्त लोड, कमी व्होल्टेज किंवा पंख्याची अडलेली हवा. स्टार जोडणीत (तिन्ही फेजची टोकं एका जागी जोडलेली) दोन फेजच्या कॉइल जळून तिसऱ्या फेजच्या चांगल्या असतील, किंवा डेल्टात (त्रिकोणात जोडलेल्या) एकाच फेजच्या जळल्या असतील, तर चालू मोटरचा एक फेज गेला होता. अशा वेळी उत्तर वायंडरकडे नसतं. डीपीवरचा फ्यूज, स्विचचे सैल जबडे, कॉन्टॅक्टरचे (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) खाल्लेले कॉन्टॅक्ट आणि गंजलेली केबल लग तपासा आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारं उपकरण) खरंच चालतो का, हेही पाहा. एकाच जागी लहान काळा डाग आणि बाकी वायंडिंग स्वच्छ असेल तर तिथलं इन्सुलेशन फुटलेलं असतं. ओल, खार किंवा घासलेली वायर यांपैकी काय झालं ते त्या जागेवरून कळतं.

बेअरिंगचंही तसंच. काढण्याआधी बाहेरच्या रिंगवर वरच्या बाजूची खूण करा आणि डिझेलने लगेच धुऊ नका. ग्रीस दुधी झालं असेल तर पाणी शिरलंय. मग बेअरिंग कापून आतला मार्ग पाहा. स्थिर रिंगवर बॉलचा माग तिरका गेला असेल तर अलाइनमेंट किंवा बसवणं चुकलंय. दोन बॉलमध्ये असतं नेमक्या तेवढ्या अंतरावर गंजाचे ठिपके असतील तर यंत्र ओलीत उभं राहिलंय. मार्गावर कपडे धुवायच्या फळीसारख्या आडव्या रेघा असतील तर बेअरिंगमधून करंट गेलाय. मोटर व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) असेल तर हे नेहमीचंच. करंटच्या जळक्या खुणा वेल्डिंगनेही पडतात. वेल्डरने अर्थचा चिमटा लांब फ्रेमवर लावला की करंट बेअरिंगमधून वाट काढतो. चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळच हवा. ही एक सवय बदलली तरी कितीतरी बेअरिंग वाचतात.

बदलताना मागचा पूर्ण नंबर वाचा. ६३०८ सी३ च्या जागी साधं ६३०८ बसवलं तर आतली मोकळीक कमी पडते आणि बेअरिंग तापतं. ग्रीसही मोजून भरा: बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५. ६३०८ साठी ९० × २३ × ०.००५ म्हणजे साधारण १० ग्रॅम. गनच्या एका दाबाला किती ग्रॅम येतं ते वजनकाट्यावर एकदा बघून ठेवा. ठासून भरलेलं ग्रीस घुसळून तापतं आणि सील फोडतं. लिथियम आणि पॉलियुरियाचं ग्रीस एकमेकांत मिसळू नका.

बॉल बेअरिंगवरचा लोड दुप्पट झाला की आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं, म्हणून बेल्ट हाताच्या अंदाजाने ताणणं महागात पडतं. दोन पुलींमध्ये एक मीटर अंतर असेल तर ठरलेल्या जोराने मध्यावर दाबल्यावर बेल्ट १६ मिलिमीटर दबला पाहिजे.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. मोटरच्या पायाखालची फ्रेम आणि शिम (उंची जुळवायला घातलेल्या पातळ पट्ट्या) गंजून फुगतात आणि एक पाय अधांतरी राहतो. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावून एकेक बोल्ट सैल करा, पाय ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त उचलला तर गंज खरवडून स्टेनलेस शिम घाला, मगच अलाइनमेंट करा.

व्होल्टेज एकदाच, तेही दुपारी मोजणे

बिघाड ज्या वेळी होतो त्याच वेळी, लोडवर, मोटरच्या टर्मिनलवर मोजा. तिन्ही फेजमध्ये ४१०, ४०० आणि ३९० व्होल्ट मिळाले तर सरासरी ४००, सरासरीपासून सगळ्यात मोठा फरक १०, म्हणजे असमतोल २.५ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण करंटमधला असमतोल याच्या सहा ते दहा पट होतो आणि वायंडिंगची तापमानवाढ साधारण १२ टक्क्यांनी वाढते. नेहमीच्या तापमानापेक्षा १० अंश जास्त तापलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा ढोबळ हिशेब धरला जातो.

दोष लाइनचा की मोटरचा, हे ओळखायला सोपा उपाय आहे. सप्लाय बंद करून कुलूप लावा आणि तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवा. फिरण्याची दिशा बदलत नाही. जास्त करंट लाइनच्या त्याच फेजवर राहिला तर दोष सप्लायचा. तो मोटरच्या त्याच लीडबरोबर सरकला तर दोष वायंडिंगचा.

ट्रिप होते म्हणून रिले वाढवणे

स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर स्टारमध्ये सुरू करून मग डेल्टात नेणारा) ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा भाग, बहुधा वायंडिंगच्या फेजमध्ये असतो, म्हणून सेटिंग नेमप्लेटवरच्या करंटच्या ०.५८ पट हवं. २० एचपीच्या मोटरचा करंट सुमारे २८ अँपिअर, तर रिले १६ वर. तो २८ वर ठेवला असेल तर मोटर जळेपर्यंत रिले गप्प बसतो. ट्रिप झाल्यावर आधी टाँग टेस्टर (वायरभोवती लावून करंट मोजणारा चिमटा) लावा, स्क्रूड्रायव्हरला नंतर हात घाला.

बंद यंत्राकडे पाठ फिरवणे

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि बंदरावरचे बर्फ कारखानेही थंडावतात. बिघाडांचं बीज इथेच पडतं. वायंडिंगवर आणि पॅनलमध्ये बसलेलं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की ओल ओढून विरघळतं आणि वीज वाहायला लागतं. कोकणच्या पावसाळ्यात आर्द्रता त्याहून वरच असते. त्यातच बर्फ कारखान्यात अमोनियाची बारीक गळती असेल तर ती तांबं आणि पितळ खाते. त्यामुळे पॅनल कंप्रेसरच्या खोलीत ठेवूच नये.

मिरगाच्या आधी केबल ग्लँड घट्ट करा आणि न वापरलेली भोकं बुजवा. पालीही तिथूनच शिरतात. केबल वरून येत असेल तर तिला खाली झोळ द्या, म्हणजे पागोळीचं पाणी टर्मिनल बॉक्समध्ये उतरणार नाही. मोटरच्या तळाची ड्रेन भोकं मोकळी करा. शाफ्ट दर आठवड्याला हाताने फिरवा आणि दर वेळी वेगळ्या जागी थांबवा.

ऑगस्टमध्ये सुरू करण्यापूर्वी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणारं उपकरण) एक मिनिट रीडिंग घ्या. व्हीएफडीची वायर आधी सोडा. हल्लीच्या मोटरला ५ मेगओहम तरी हवेत. त्याखाली असेल तर गरम हवेने किंवा बल्बने सावकाश वाळवा आणि पुन्हा मोजा. रीडिंगबरोबर तारीख आणि तापमान लिहा. एका आकड्यापेक्षा उतरती रांग जास्त सांगते.

हेड प्रेशर (कंप्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या वायूचा दाब) वाढलं की कंडेन्सरच घासत बसणे

कंडेन्सरमध्ये, म्हणजे अमोनिया वायूचा थंड होऊन द्रव होतो तिथे, साचलेले क्षार हे नेहमीचं कारण, पण घासूनही प्रेशर उतरत नसेल तर सिस्टिममध्ये हवा असू शकते. ती बहुधा मागच्या दुरुस्तीत आत आलेली असते. कंप्रेसर थांबवून कंडेन्सरचं पाणी चालू ठेवा. आत जाणारं आणि बाहेर येणारं पाणी एकाच तापमानाला आलं की गेज वाचा. ३० अंशाला अमोनियाचं प्रेशर सुमारे १५५ पीएसआय असायला हवं. गेज १०–१५ ने जास्त दाखवत असेल तर हवा काढावी लागेल, आणि ते काम मास्कसह प्रशिक्षित माणसानेच करावं. हाय प्रेशर कटआउटचं (दाब वाढला की कंप्रेसर बंद करणारा स्विच) सेटिंग वर सरकवणं हा जिवाशी खेळ आहे.

एका दमात सगळं बदलणे

मोटर, कॉन्टॅक्टर आणि केबल एकाच दिवशी बदलली की कशामुळे बरं झालं ते कधीच कळत नाही. शक्य तिथे एकेक बदल करा. "का" विचारत खाली जाताना प्रत्येक उत्तराला मोजमापाचा किंवा फोटोचा आधार घ्या. "ऑपरेटरची चूक" हे उत्तर आलं तर आणखी एक "का" विचारा: त्याला गेज दिसत होतं का, सेटिंग कुठे लिहिलं होतं का?

वहीत प्रत्येक बिघाडाची वेळ, लोड, तिन्ही व्होल्टेज, पाऊस होता की नाही आणि आधीचं शेवटचं काम लिहा. बसवल्यावर काही तासांत गेलं तर बसवणी तपासा, ठरावीक अंतराने जात असेल तर ग्रीस आणि झीज, संध्याकाळीच जात असेल तर व्होल्टेज. आधी दर दोन महिन्यांनी येणारा बिघाड सहा महिने आला नाही, तरच नोंद बंद करा. कारण ओलीचं असेल तर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या.