गोष्टीच्या आडून: वर्गात मुलांच्या आत्मसन्मानावर बोलायचं कसं

"तुला स्वतःबद्दल काय वाटतं?" असं थेट विचारलं ना की मुलं एकतर गप्प बसतात नाहीतर टीचरला आवडेल तेच सांगतात. म्हणून मधे गोष्ट आणायची. पात्राबद्दल मूल बिनधास्त बोलतं आणि बोलता बोलता स्वतःचं सांगून जातं.

सगळ्यात आधी गोष्ट निवडा आणि त्यात भरपूर वेळ घालवा. अँडरसनची कुरूप बदकपिल्लाची गोष्ट (1843 ची आहे बरं का) लगेच आठवते, पण नीट बघा, त्याला मान मिळतो कधी, तर राजहंस निघाल्यावर! मग जे जन्मभर बदकच राहणार त्याचं काय? तरी मी ही गोष्ट घेते, आणि हाच प्रश्न वर्गात टाकते. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, पण ते आधीपण मस्त पोहायचं की!" खरंच, सुरुवातीलाच त्याची आई तसं म्हणते, माझ्याच लक्षात नव्हतं.

वाचताना पात्राला चिडवतात तिथे पुस्तक मिटा, "आत्ता त्याच्या मनात काय चाललं असेल?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. दहा सेकंदांची शांतता जाम लांब वाटते, पण भरून काढू नका. आणि शेवटी तात्पर्य सांगायचा मोह आवरा प्लीज.

मग पात्राला चिठ्ठी लिहायला सांगा, लहानग्यांना चित्र चालेल. मोठ्याने वाचायची सक्ती नको आणि लाल पेन तर त्या दिवशी ड्रॉवरमध्येच ठेवा.

कौतुक मात्र जपून हं. 2014 च्या एका अभ्यासात मुलांच्या चित्रांचं अवाच्या सवा कौतुक केलं, तर ज्यांना स्वतःबद्दल कमी वाटायचं त्यांनी पुढच्या वेळी सोपीच चित्रं निवडली, म्हणजे आता नाव राखायचं टेन्शन आलं ना! त्यापेक्षा "पिल्लाला थंडी वाजली असेल हे तुलाच सुचलं" असं नेमकं, दिसलं तेवढंच बोला.

चिठ्ठीत कधी "मी नसलो तरी चालेल" असलं काही निघालं तर वर्गात विषय काढायचा नाही, त्याच दिवशी मुलाला एकट्याला भेटायचं आणि काउन्सेलरला सांगायचं, उद्यावर ढकलू नका.