पाणी गुणवत्तेच्या कामात नवीन आहात? अहवाल आल्यावर निर्णय कसा होतो ते आधी समजून घ्या

सांगली जिल्ह्यात गावच्या पिण्याच्या पाण्याचं काम हाती घेतलेल्या नव्या मुलामुलींना वाटतं, प्रयोगशाळेने ‘अयोग्य’ लिहिलं की पुढचं आपोआप होतं. तसं होत नाही. काय सापडलं आणि त्यावर पर्याय काय, यावर फाईलचा वेग ठरतो.

आयएस 10500:2012 हे पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक टेबलावर ठेवा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला 500 मिलिग्रॅमच्या वर गेला आणि दुसरा स्रोत नसेल, तर 2000 पर्यंत सवलत आहे. नायट्रेटला ती नाही; 45 म्हणजे 45. ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जिवाणू, तर 100 मिलिलिटरमध्ये एकही नको.

ई. कोलाय सापडला तर त्याच दिवशी हालचाल करावी लागते. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) बादलीत कालवून, गाळ बसू देऊन वरची निवळी टाकीत सोडायची, अर्धा तास थांबायचं, मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग दाखवणारी चाचणी. ही टेस्ट टाकीपाशी करून उपयोग नाही, लाईनच्या शेवटच्या घरी करा. तिथे लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. तो उरत नसेल, तर बहुतेक वेळा घोळ पावडरच्या पोत्यात असतो: तोंड उघडं राहिलेली, ओल धरलेली पावडर कितीही टाका, रंग पिवळा होत नाही. पावडर ठीक असेल, तर गटारातून गेलेली पाईप शोधा.

नायट्रेटचं प्रकरण वेगळं आणि जास्त अवघड. वाळवा, पलूसच्या ऊसपट्ट्यात युरिया आणि भरपूर पाणी यांतून ते विहिरीत झिरपू शकतं. टीसीएलने ते जात नाही, पाणी उकळलं तर उलट वाढतं. वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना धोका सर्वांत जास्त, म्हणून अंगणवाडी आणि आशाताईंना पहिल्या दिवशीच कळवा. कायमचा उपाय म्हणजे स्रोत बदलणं. त्याला पैसा लागतो, ग्रामसभेचा ठरावही लागतो.

इथे टिपणीची, म्हणजे मंजुरीसाठी फाईलवर लिहायच्या मजकुराची, खरी कसोटी. ‘योग्य ती उपाययोजना व्हावी’ असं लिहिलेली फाईल शेरा मारून परत येते, आणि तोवर गाव तेच पाणी पितं. कुठल्या विहिरीचा नमुना, तारीख, आकडा, मर्यादा, किती घरं, तोवर पाणी कुठून, खर्च किती, कुणी कधीपर्यंत करायचं: एवढं एका पानात मांडा. साहेबांना सही करता येईल असा प्रस्ताव हवा.

उपायानंतरचा नमुना त्याच नळावरून घ्या. जागा बदलली, तर आधीच्या आकड्याशी ताळा लागत नाही.