अर्थसंकल्पावरील चर्चेत आपल्या गावाचे काम कसे पोहोचवावे

अर्थसंकल्प मांडला की 'मराठवाड्याला काय मिळाले' ही चर्चा पारावर दोन दिवस चालते आणि थांबते. विधानसभेत प्रत्येक सरकारी विभागाच्या खर्चाच्या मागण्यांवर चर्चा आणि मतदान होते ते मात्र त्यानंतर. विकासातील प्रादेशिक असमतोलावर लक्ष ठेवणाऱ्या मराठवाडा विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपल्यापासून तर आपल्या आमदारांच्या हाती नेमका कागद देणे अधिकच गरजेचे झाले आहे.

बातमीत करसवलत दिसली, तर ती कोणत्या क्षेत्राला लागू आहे हे आधी पाहावे. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात डिझेलवरील कर २४ वरून २१ टक्के झाला, तो बृहन्मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई क्षेत्रापुरता; जालन्यातील पंपावरचा दर त्यामुळे उतरला नाही. जीएसटीचे दर केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेत ठरतात, म्हणून आमदारांकडे इंधनावरील मूल्यवर्धित कर, मुद्रांक शुल्क किंवा व्यवसाय कर याविषयीच मागणी करावी.

खर्चासाठी आपल्या कामाच्या विभागाचे अर्थसंकल्पीय पुस्तक वित्त विभागाच्या संकेतस्थळावरून घ्यावे आणि मागणी क्रमांक व लेखाशीर्ष (त्या खर्चाची नोंद ज्या नावाने व सांकेतिक क्रमांकाने होते ते) शोधावे. त्या ओळीत प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, सुधारित अंदाज (त्याच वर्षाचा नंतर नव्याने काढलेला) आणि पुढील वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. समजा, चालू वर्षाचा अंदाज दहा कोटींचा आणि सुधारित अंदाज चार कोटींचा आहे, तर सहा कोटी वर्ष सरण्याआधीच कमी झाले. भाषणात हे कोणी सांगत नाही, म्हणून माझ्या मते हेच दोन रकाने सर्वांत महत्त्वाचे. आकडे हजार रुपयांत असतात, त्यामुळे रकान्यात नुसता '१' दिसला, तर ती केवळ लेखाशीर्ष उघडे ठेवणारी एक हजार रुपयांची नाममात्र तरतूद आहे, असे समजावे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २०३ नुसार विधानसभा एखादी मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते, वाढवू शकत नाही. म्हणूनच 'रक्कम वाढवा' एवढेच लिहिलेले निवेदन आमदारांच्या उपयोगी पडत नाही. त्यांना त्या मागणीवर कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव, देण्याची विनंती करावी. रक्कम कापली जावी हा तिचा हेतू नसतो, तर तिच्या निमित्ताने रखडलेल्या कामावर सभागृहात बोलता येते आणि मंत्र्यांना उत्तर द्यावे लागते. विधानपरिषदेला मागण्यांवर मतदानाचा अधिकार नसल्याने हे निवेदन विधानसभा सदस्यांकडेच द्यावे.

निवेदन एका पानाचे असावे: मागणी क्रमांक, लेखाशीर्ष, वरील दोन आकडे, कामाचे नाव, तालुका आणि एकच प्रश्न, उदाहरणार्थ, 'सुधारित अंदाजात कपात का झाली आणि काम कधी पूर्ण होणार?' ते विभागाच्या चर्चेच्या किमान आठवडाभर आधी पोहोचवावे, कारण ठरलेली वेळ संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविना मतास टाकल्या जातात. मंत्र्यांनी आश्वासन दिले, तर त्याची तारीख टिपून ठेवावी आणि पुढील अधिवेशनात पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पानंतर मागितलेला जादा निधी) आल्या की त्याच लेखाशीर्षाची ओळ पुन्हा उघडून पाहावी.