"सैन्य पळालं" असं ऐकलं की आधी काय काय तपासायचं
आमच्या चाळीसगावकडं भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे ग्राउंड मारून चहाला बसतात, परवा एकाच्या मोबाईलवर काबूलची रील, की 2021 ला तालिबान आलं तेव्हा अफगाणिस्तानचं 3 लाखांचं सैन्य लढलंच नाही. मी फौजेत सगळी नोकरी सप्लायमध्ये काढली, मला हे ऐकवत नाही भो, म्हणून लिहितोय.

पहिलं काम, वही घ्या आणि दोन तारखा लिहा. बाहेरचं सैन्य गेलं कधी आणि सरकार पडलं कधी. सोव्हिएत म्हणजे रशियन फौज अफगाणिस्तानातून 15 फेब्रुवारी 1989 ला गेली, सगळे म्हणत होते त्यांच्या पाठिंब्यावरच्या अध्यक्ष नजीबुल्लाहचं आता काही खरं नाही, पण महिन्याभरात जलालाबाद शहरावर मुजाहिदीन बंडखोरांचा मोठा हल्ला झाला तो त्याच्याच सैन्याने अडवला आणि पुढे एप्रिल 1992 पर्यंत सरकार टिकलं. मग पडलं का? सोव्हिएत संघ मोडला, 1992 लागताच मदत बंद, ना डिझेल ना पैसा, आणि दोस्तमसारखा सरदार फुटला. म्हणजे फौज गेली तेव्हा नाही, माल थांबला तेव्हा. व्हिएतनाममध्येही अमेरिकन सैन्य मार्च 1973 ला गेलं, दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन पडली 30 एप्रिल 1975 ला, मधे मदतीला कात्री लागलेली.

म्हणून दुसरं, सामान कोण पोचवतं ते बघा. हे सगळ्यात महत्त्वाचं. 2021 मध्ये अफगाण हेलिकॉप्टरांची दुरुस्ती बरीचशी अमेरिकेच्या ठेकेदारांकडे होती, ते निघून गेले, आणि डोंगरातल्या कित्येक चौक्यांना रोटी, गोळ्या, जखमींना उचलणं सगळं हवेतूनच. रावेरकडच्या माणसाला लगेच कळेल, विहिरीत पाणी आहे, मोटर आहे, पण डीपी जळाली आणि वायरमन गाव सोडून गेला तर केळी किती दिवस जगणार?

आकडा आला की हजेरीपट विचारा. त्या 3 लाखांत पोलीसही धरलेले आणि कागदावरचीही भरपूर नावं, त्यांचा पगार अधिकारी खायचे, आणि खरा जवान महिनोन्महिने बिनपगारी. हे पाप त्यांच्याच वरच्यांचं, ते झाकायचं नाही.

करार कुणी केला तेही बघा. दोहाचा करार 29 फेब्रुवारी 2020 ला अमेरिका आणि तालिबानमध्ये झाला, काबूलचं सरकार त्यात नव्हतंच. मग चौकीवर गावातले म्हातारे तालिबानचा निरोप घेऊन यायचे, बंदूक ठेव, घरी जा. मागून कुमक येणार नाही हे माहीत असलेला पोरगा काय करेल, तुम्हीच सांगा.

शेवटी जे लढले त्यांची नावं शोधा, रीलमध्ये ती नसतात. जून 2021, फर्याब प्रांतातलं दौलताबाद, मेजर सोहराब अजीमी आणि त्याचे कमांडो घेरले गेले, मदत आलीच नाही, 22 जण गेले. एप्रिल 1975 ला सायगॉनजवळच्या स्वान लोकला दक्षिण व्हिएतनामच्या 18व्या डिव्हिजनने जवळपास दोन आठवडे रस्ता अडवून धरला होता. आणि अफगाण सैनिक-पोलीस 20 वर्षांत 60 हजारांहून जास्त मेले, अमेरिकेचे साधारण अडीच हजार.

हे सगळं सांगितल्यावर त्या पोराने रील बंद केली आणि विचारलं, तिकडची पोरं आपल्याकडे पण शिकायला यायची ना? यायची. खडकवासल्याला, डेहराडूनला. 2021 च्या ऑगस्टमध्ये काही कॅडेट इथे ट्रेनिंगमध्येच होते, पासिंग आउट झालं तोवर ज्या सैन्यात जायचं ते सैन्यच उरलं नव्हतं.