घरासाठी छोटा पीसी घेताना

बिलं भरायची, उतारा काढायचा, पोरांचा अभ्यास आणि संध्याकाळी यूट्यूब, एवढ्यासाठी टेबलाखाली मोठा डबा कशाला? मॉनिटरच्या मागे स्क्रूने बसणारा मिनी पीसी पुरतो.

नवा घ्यायचा तर इंटेल एन१०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण). हार्ड डिस्कवाला स्वस्तात मिळाला तरी नको. माझा कल मात्र ऑफिसांतून निघालेल्या सेकंडहँड छोट्या पीसींकडे आहे. अंगाने दणकट असतात आणि रॅम पुढे वाढवता येते. पण दुकानदार नुसतं 'आय-फाइव्ह आहे' म्हणाला की मान डोलावू नका, प्रोसेसरचा पूर्ण नंबर विचारा. आय५-८५००टी यातला ८ म्हणजे आठवी पिढी आणि टी म्हणजे कमी वीज खाणारा. आठवीच्या खालचे बहुतेक इंटेल विंडोज ११ साठी चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत बसत नाहीत, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अ‍ॅडॅप्टर मूळ कंपनीचाच आहे ना, तेही बघा.

खानापूरकडे पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस (लाइट गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा डबा) सोबतच घ्या. मॉनिटर आणि राउटरही त्यावरच लावा, प्रिंटर नको.

घरात मराठी-कन्नड दोन्ही टाइप होत असेल तर इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची कीबोर्ड मांडणी लावा: ज्या बटणावर 'क', त्याच बटणावर 'ಕ'. वेगळा कीबोर्ड लागत नाही.