मेल वाचल्याची चुगली थांबवा

रिक्रूटरचा मेल उघडून दोन मिनिटं होत नाहीत तोच फोन: "सर, मेल पाहिलात ना?" योगायोग नाही. असल्या मेलमध्ये बऱ्याचदा एक बाय एक पिक्सेलचं, म्हणजे स्क्रीनवरच्या एका ठिपक्याएवढं, अदृश्य चित्र असतं. मेल उघडला की ते पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून लोड होतं आणि तिकडे वेळेसकट नोंद पडते. मीही एकदा नोकरीत हे पिक्सेल टाकायचं काम केलंय, त्यामुळे जास्तच चीड.

जीमेलमध्ये, कॉम्प्युटरवर:

१. गिअरचं चिन्ह, मग 'सी ऑल सेटिंग्ज'.
२. 'जनरल'मध्ये 'इमेजेस' शोधा. 'आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्स्टर्नल इमेजेस' निवडा.
३. खाली जाऊन 'सेव्ह चेंजेस'. हेच विसरायला होतं!

थंडरबर्ड या मेल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये बाहेरची चित्रं मुळातच बंद असतात. मी तेच वापरतो. आयफोनच्या मेल ॲपमध्ये 'प्रोटेक्ट मेल ॲक्टिव्हिटी' चालू ठेवा. ही सोय २०२१ पासून आहे.

एक लक्षात ठेवा: चित्रं बंद असली तरी मेलमधल्या लिंकवर क्लिक केलंत तर ते पाठवणाऱ्याला बहुधा कळतंच. आणि तिकिटाचा क्यूआर कोड दिसला नाही, तर घाबरू नका, जीमेलमध्ये त्या मेलपुरतं 'डिस्प्ले इमेजेस बिलो' दाबा.